घटस्फोटात घर कोणाला मिळतं?

घटस्फोटाचा विषय निघाला की नातेवाइकांच्या बैठकीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मुलीकडचे म्हणतात, ‘अर्धं घर तिचंच, कायदाच आहे तसा.’ मुलाकडचे म्हणतात, ‘फ्लॅट त्याच्या नावावर आहे, तिला एक वीटही मिळणार नाही.’ दोन्ही बाजू ठाम असतात आणि दोन्ही चुकतात.

‘लग्नानंतर कमावलेलं सगळं निम्मं-निम्मं’

ही समजूत बहुधा अमेरिकेतल्या बातम्या आणि मालिकांतून आली आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लग्नानंतरची कमाई दोघांची मानतात. आपल्याकडे 1955च्या हिंदू विवाह कायद्यात अशी वाटणीच सांगितलेली नाही. त्याचं कलम 27 फक्त लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंपुरतं आहे. नवऱ्याच्या मिळकतीतून बायकोला हिस्सा देऊ पाहणारं एक विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेत ते काही पार पडलं नाही. 2014 मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही बारगळलं.

वीस वर्षं नोकरी सोडून घर सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीत हा कायदा कोरडा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात गृहिणीच्या श्रमाचा मिळकतीतला वाटा मान्य केला, पण तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही.

अपवाद आहे तो शेजारच्या गोव्याचा. तिथे 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. घर विकायचं तर दोघांची संमती लागते.

‘नाव नाही म्हणजे हक्क नाही’

मालकी आणि राहण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार बायको जिथे संसार करत होती त्या घरातून तिला नुसतं बाहेर काढता येत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये सांगितलं. त्याआधीच्या एका निकालामुळे ‘घर माझं आहे, सून चालती हो’ म्हणण्याची सोय झाली होती, ती या निकालाने बंद केली. न्यायालय नवऱ्याला तिच्यासाठी तशाच दर्जाचं दुसरं घर बघायला किंवा भाडं द्यायलाही सांगू शकतं.

मात्र या हक्कामुळे घर विकता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावरही तो तसाच टिकेल, असं तर मुळीच धरून चालू नये. छपराचा प्रश्न त्याआधीच संमतीच्या अटींत किंवा पोटगीच्या रकमेत सोडवलेला बरा.

‘दोघांची नावं आहेत, म्हणजे प्रश्नच नाही’

खरी भांडणं इथेच होतात. समजा, डोंबिवलीत दोघांच्या नावावर एक फ्लॅट आहे. सुरुवातीची रक्कम तिच्या वडिलांनी मुदत ठेव मोडून दिली, हप्ते त्याच्या पगारातून गेले. आज फ्लॅटची किंमत 80 लाख, बँकेचं देणं 22 लाख. म्हणजे वाटायचे आहेत 58 लाख. तो म्हणतो, हप्ते माझे. ती म्हणते, माझ्या बाबांचे पैसे नसते तर बुकिंगच झालं नसतं, आणि पाच वर्षं किराणा, मुलाची फी माझ्या पगारातून गेली ते कुठे धरायचं?

1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर हिस्से सारखे. म्हणून वडिलांनी पैसे रोखीने न देता बँकेतून दिले असतील तर ती नोंद सोन्याच्या मोलाची. किराणा आणि फीच्या नोंदी कोण ठेवतं? तिचा वाटा नेमका तिथे विरून जातो.

समजा, ठरलं की फ्लॅट त्याने ठेवायचा आणि तिला 29 लाख द्यायचे. एवढ्याने काम होत नाही. कर्जात दोघं सहकर्जदार असतात आणि बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही देणंघेणं नसतं. त्याचा हप्ता थकला तर नोटीस तिलाही येते, तिचंही सिबिल बिघडतं. तिचं नाव कर्जातून काढायचं तर बँक त्याच्या एकट्याच्या पगारावर नव्याने हिशेब करते, आणि पगार पुरत नसेल तर चक्क नाही म्हणते. शिवाय हक्कसोडपत्राची नोंदणी करावी लागते आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलावं लागतं. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यात फ्लॅट आला, पण तो दाव्याचा विषयच नव्हता, तर नोंदणी आणि मुद्रांक शुल्काचा प्रश्न उभा राहतो. फ्लॅटचा उल्लेख अर्जातच करा, असं वकील सांगतात ते म्हणूनच.

‘दागिने सासरच्या लॉकरमध्ये, म्हणजे सासरचे’

साफ चूक. माहेरून आलेलं, सासरहून मिळालेलं, लग्नात तिला म्हणून दिलेलं सगळं स्त्रीधन. नवऱ्याने ते अडचणीत वापरलं तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा एकदा बजावलं. अडचण येते ती सिद्ध करताना. सराफाच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जपून ठेवा.

‘पोटगी म्हणजे पगाराचे पंचवीस टक्के’

2017च्या एका निकालात पगाराच्या 25 टक्क्यांचा उल्लेख आला आणि तो नियम म्हणून पसरला. तसा नियम नाही. गरज, ऐपत, राहणीमान, लग्न किती वर्षं टिकलं, मुलं कोणाकडे आहेत, हे सगळं बघितलं जातं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. ‘मी बेकार आहे’ म्हणून हात वर करणं त्यामुळे जरा अवघड झालं. आणि हो, हिंदू विवाह कायद्यात नवराही पोटगी मागू शकतो.

‘तिला सात-बाऱ्यात हिस्सा मिळेल’

सासरच्या वडिलोपार्जित जमिनीची वाटणी बायकोला स्वतः मागता येत नाही. नवरा आणि मुलगे वाटणी करत असतील तेव्हा तिला मुलाइतका हिस्सा असतो, तोही ती बायको असेपर्यंत. मुलांचा हक्क मात्र आईबापांच्या घटस्फोटाने जात नाही, मुलींचाही नाही.

शेवटी एक काम, जे जवळजवळ सगळेच विसरतात. हुकूमनामा हातात पडला म्हणून पीएफ, विमा, बँक खातं आणि डीमॅटवरचं नॉमिनेशन आपोआप बदलेल असं समजू नका. प्रत्येक ठिकाणी जाऊन ते स्वतः बदलून घ्या.