घाटाचा राजा

सायकलवरून शाळेत जाणारी मुले आपण नित्य पाहतो. परंतु सायकलची शर्यत हाच ज्यांचा चरितार्थाचा उद्योग आहे, अशीही माणसे जगात आहेत. त्यांना व्यावसायिक सायकलपटू म्हणतात.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध शर्यत फ्रान्स देशात भरते. १९०३ साली ती प्रथम झाली, तेव्हा तिचे ६ टप्पे होते. आता ती २१ टप्प्यांची असून सुमारे तीन आठवड्यांत ३,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराला सर्वांत मोठा अडथळा हवेचा होतो. पुढचा स्वार हवा कापीत जातो आणि त्याच्या आडोशाला राहणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात. म्हणून ही शर्यत संघ करून खेळतात. ८ जणांच्या संघातील इतर स्वार आळीपाळीने पुढे राहून नायकासाठी वारा अंगावर घेतात. मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात. प्रसंगी आपले चाकही काढून देतात. या साहाय्यकांना वेतन मिळते. विजयाचा मान मात्र बहुधा नायकाला लाभतो. कित्येक साहाय्यक अनेक वर्षे झिजून, एकही मोठी शर्यत न जिंकता निवृत्त होतात.

चढणीवर वेग मंदावतो, त्यामुळे आडोशाचा उपयोग थोडाच होतो. तेथे ज्याचे बळ त्याच्याच कामी येते. म्हणूनच फ्रान्समध्ये १९३३ पासून डोंगर चढण्यात श्रेष्ठ ठरणाऱ्यास निराळा मान देतात. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतही खोपोलीच्या पुढे बोरघाट लागतो. तो प्रथम चढून जाणाऱ्या वीरास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवितात.

आपल्याकडे केवळ शर्यतीवर निर्वाह करणे कठीण. तरीही जिद्दीची माणसे निघालीच. नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन हे बंधू डॉक्टर. २०१५ साली त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एकाने सायकल चालवावी, दुसऱ्याने विसावा घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. २०१७ साली नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार पाडली.

शर्यतीचा निकाल वाचताना आपली दृष्टी पहिल्या नावावर खिळते. ते नाव वर यावे म्हणून ज्यांनी वारा अंगावर घेतला, त्यांचीही आठवण आपण ठेविली पाहिजे.