प्रकाशन झाले, पुढे काय?

पुस्तकाचे प्रकाशन हा आपल्याकडे एक सोहळा होऊन बसला आहे. समई पेटते, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे रंगतात आणि लेखक न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे घेऊन घरी परततो. गोमंतकीय लेखकांची मुलांसाठी व प्रौढांसाठी येणारी नवी पुस्तके त्या गठ्ठ्यांतच राहणार असतील, तर आपल्या टाळ्यांना अर्थ काय?

या भूमीला मराठी ग्रंथ नवा नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सत्तरीतील आंबेडे गावच्या महादेवशास्त्री जोशी यांनी १० खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ संपादिला. तरीही मुलांसाठी वेगळा संस्कृतिकोश सिद्ध करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. बालवाङ्मयास दुय्यम लेखणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आमच्या मुलांना पुस्तकात शनिवारवाडा भेटतो. मांडवीचा काठ आणि माटोळीतली रानफळे मात्र छापील अक्षरांत क्वचितच भेटतात. ही भेट घडवावी ती इथल्या लेखकानेच. तो लिहितो आहे. विकत घेणारा हवा.

आमची सूचना साधी आहे. चतुर्थीच्या खरेदीत माटोळीच्या सामानाबरोबर आपल्या लेखकाचे एक पुस्तक मुलासाठी व एक स्वतःसाठी घ्यावे. भेट म्हणून फुकट मागू नये. शाळांनीही बक्षिसांसाठी प्रथम याच पुस्तकांचा विचार करावा. भाषेच्या हक्कासाठी आपण मोर्चे काढले. पण ज्या भाषेचे पुस्तक घरात नाही, तिचा कैवार उद्या घरातले मूल कशाच्या बळावर घेणार?