चिमूटभर कोळशातील दहा गुंठे

खोबरे काढून घेतल्यावर नारळाची करवंटी बहुधा चुलीत जाते, नाही तर उकिरड्यावर पडते. केरळ, तामिळनाडू व कर्नाटक या राज्यांत मात्र तिला कारखान्यांकडून मागणी असते. कारण तिच्यापासून सक्रिय कोळसा तयार होतो. पाण्याचे शुद्धीकरण, साखरेचे विरंजन, औषधनिर्मिती व सोन्याचे निष्कर्षण अशा परस्परांहून भिन्न उद्योगांत हा एकच पदार्थ उपयोगी पडतो.

प्रथम करवंट्या अपुऱ्या हवेत जाळून त्यांचा कोळसा करतात. नंतर तो सुमारे ८०० ते १००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफेशी संयोग पावून काही कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि मागे असंख्य सूक्ष्म रंध्रे राहतात. लाकडाचा भुसा फॉस्फोरिक आम्लात भिजवून त्याहून कमी तापमानाला भाजण्याचीही एक रीत आहे. त्या कोळशाची रंध्रे अधिक रुंद असल्याने रंगद्रव्यांचे मोठे रेणू त्यांत शिरू शकतात. करवंटीच्या कोळशाची अरुंद रंध्रे वायूंसाठी व बाष्पांसाठी विशेष सोयीची असतात.

या रंध्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ विलक्षण असते. १ ग्रॅम चांगल्या कोळशात ते सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरते! या भिंतींवर परक्या पदार्थांचे रेणू येऊन चिकटतात. या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात. स्पंज पाणी आत शोषून घेतो, तसा हा प्रकार नव्हे. येथे सारे कार्य पृष्ठभागावर घडते.

कोळशाने द्रावणाचा रंग नाहीसा होतो, हे रशियातील रसायनज्ञ लोविट्झ यांनी १७८५ मध्ये दाखविले. पुढे साखरेच्या कारखानदारांनी या गुणाचा लाभ घेतला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, तेव्हा माणसाचा श्वास वाचविण्याची निकड उत्पन्न झाली. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा सिद्ध केला. आज रुग्णालयांत काही प्रकारच्या विषबाधेवर वैद्य हीच भुकटी पाण्यातून देतात. आणि खाणीच्या दगडातून सायनाइडच्या द्रावणात उतरलेले सोने कोळशाच्या कणांवर गोळा करतात.

तथापि या पदार्थाच्या मर्यादा ध्यानी घेतल्या पाहिजेत. पाण्यातील वास, क्लोरीन व अनेक सेंद्रिय द्रव्ये कोळसा काढून घेतो. परंतु विरघळलेले क्षार त्याला आवरत नाहीत आणि रोगजंतू तो मारीत नाही. शिवाय पृष्ठशोषणात बहुतेक द्रव्ये नष्ट न होता केवळ धरून ठेवली जातात. रंध्रे भरली, की पुढचे द्रव्य तसेच निसटते. अशा वेळी कारखान्यात कोळसा पुन्हा तापवून त्याची रंध्रे मोकळी करतात. घरातील गाळणीतला कोळसा मात्र बदलावाच लागतो. आणि तो ठरलेल्या मुदतीत बदलणे अगत्याचे आहे, कारण निकामी झालेला कणही पूर्वीइतकाच काळा दिसतो. त्याची शक्ती त्याच्या काळेपणात नसून आतल्या मोकळ्या जागेत असते, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.