गर्भोदकाचे प्रमाण : आकड्यापलीकडचा विचार

‘पाणी कमी झालंय, काही औषध द्या,’ असे म्हणत सोनोग्राफीचा कागद पुढे करणारी गर्भिणी जामखेड परिसरातील वैद्यांना नवी नाही. पुष्कळदा ती ऊसतोडीच्या फडावरून परतलेली असते. आपण शतावरी कल्प लिहून देतो. आम्हीही तेच करीत असू.

गर्भोदक हे साठलेले नव्हे, खेळते पाणी आहे. चौथ्या महिन्यानंतर ते मुख्यत्वे गर्भाच्या मूत्रापासून बनते आणि गर्भच ते गिळतो. ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास ते ८०० ते १००० मिलिलिटर असते; पुढे उतरू लागते. चार भागांतील खोलींची बेरीज, म्हणजे ‘एएफआय’, ५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास गर्भोदक अल्प समजतात. ती २५ च्या आसपास गेल्यास वृद्धी. तेथे मधुमेहाची तपासणी हवीच.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात वाढ खुंटलेल्या गर्भाचे उपविष्टक व नागोदर असे दोन प्रकार सांगितले. पहिल्यामागे स्राव आहे, तर दुसऱ्यामागे उपवास, कदन्न व स्नेहद्वेष यांतून आलेला शोष. हे गर्भोदकाल्पतेचे पर्यायशब्द नव्हेत. परंतु पहिला प्रश्न त्यांतूनच मिळतो. पाणी गळते आहे, की तयारच होत नाही?

हा प्रश्न आम्ही एकदा विचारला नाही. आठव्या महिन्यातील एका भगिनीने कपडे ओले होतात असे सांगितले. आम्ही श्वेतप्रदर समजून औषध दिले. चार दिवसांनी ती ज्वर घेऊन आली. गर्भाची पिशवी आधीच फुटली होती. रुग्णालयात बाळ वाचले, पण बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिले.

गळती नसल्यास दिनचर्या विचारावी. फडावर आडोसा नसतो, म्हणून बाई पाणीच पीत नाही. पुरेसे पाणी पिण्याने अल्प गर्भोदक काही अंशी वाढते, हे आधुनिक अभ्यासांतही दिसले आहे. पाठदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची चौकशी करावी. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी गर्भाचे मूत्र घटते. दूध, तूप, आठव्या महिन्याची क्षीरयवागू अवश्य द्यावी. मात्र रक्तदाब वाढलेला, गर्भाची हालचाल मंदावलेली वा दिवस भरलेले असल्यास कल्पाची वाट पाहू नये. त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे.

याच जामखेडात १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प उभारला आणि अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना गर्भिणीची तपासणी शिकवली. साधी मोजपट्टी आपल्याही टेबलावर असावी. विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते. ती तीनने कमी भरली, तर सोनोग्राफीचा कागद येण्याआधीच आपण सावध झालेले असतो.