वही अ‍ॅपच्या शेजारीच हवी

बंगळुरूत २००१ साली सिम्प्युटर या हातात मावणाऱ्या संगणकाचा नमुना लोकांपुढे आला. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर यांच्यासारखे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांच्या प्रयत्नातून तो घडला. प्रत्येकाला यंत्र परवडणार नाही, हे ते धरूनच चालले होते. म्हणून गावात यंत्र एक आणि ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या स्मार्ट कार्डावर, अशी योजना होती. आपली पाळी आली की कार्ड सरकवायचं, काम झालं की काढून घरी न्यायचं. सिम्प्युटर बाजारात फारसा रुजला नाही. पण यंत्र कुणाचंही असो, नोंदी माझ्या हातात, हा त्यातला विचार मला आजही मोलाचा वाटतो, कारण एका फाइलमध्ये बांधलेली अ‍ॅप्स नेमकी तिथेच कमी पडतात.

अशी अ‍ॅप्स इन्स्टॉल करावी लागत नाहीत. पेनड्राइव्हवर ठेवली, उघडली की चालू. सायबर कॅफे, शाळेची प्रयोगशाळा, कार्यालयातला सामाईक संगणक, अशा ठिकाणी ही मोठीच सोय. मात्र त्यांतली बरीच अ‍ॅप्स आपल्या नोंदी त्या त्या संगणकाच्या एखाद्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतात. पेनड्राइव्ह दुसरीकडे लावला तर अ‍ॅप उघडतं, पण कोरं. शिवाय आपल्या नोंदी परक्या यंत्रात राहतात त्या राहतातच. अ‍ॅप सोबत आलं आणि काम मागे राहिलं, तर सोबत आणण्यात अर्थ काय?

मग अ‍ॅपने नोंदी स्वतःच्याच पोटात का ठेवू नयेत? हा प्रश्न रास्त आहे आणि काहींनी तसं करूनही दाखवलं आहे. जेरेमी रस्टन यांची २००४ मधली टिडलीविकी ही वही म्हणजे एकच एचटीएमएल फाइल. मजकूर आणि तो हाताळणारा प्रोग्रॅम दोन्ही तिच्यात. पण ब्राउझर सहसा पानाला थेट डिस्कवर लिहू देत नाहीत, त्यामुळे निराळी सोय केली नाही तर दर वेळी नवी प्रत डाउनलोड करावी लागते. टीसीएल भाषेतल्या स्टारकिट या एका फाइलमध्ये बांधलेल्या अ‍ॅपची गोष्ट आणखी बोलकी आहे. चालवणारा प्रोग्रॅम वेगळा असेल तर स्टारकिट स्वतःत नोंदी लिहू शकतं. दोन्ही एकत्र बांधून स्टारपॅक केलं की ते जमत नाही, कारण चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलला विंडोज कुलूप लावतं. त्यात डिजिटल सहीची अडचण आहेच: फाइलचा सही केलेला भाग बदलला की सही जुळत नाही आणि सुरक्षा यंत्रणा संशय घेते. लिहिता लिहिता वीज गेली तर नोंदीही जाऊ शकतात, अ‍ॅपही.

म्हणून नोंदी शेजारी हव्यात, त्याच फोल्डरमध्ये, डोळ्यांना दिसतील अशा. लिनक्सवरच्या अ‍ॅपइमेज या एका फाइलच्या अ‍ॅपमध्ये ही सोय आहे: अ‍ॅपच्याच नावापुढे ‘.होम’ जोडून फोल्डर केलं की अ‍ॅप त्यालाच आपलं घर मानतं. एरवीही नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये ठेवता येतात. तिच्यातला प्रत्येक व्यवहार पूर्ण तरी होतो, नाही तर झालाच नाही असं धरलं जातं. वीज गेली तरी ही नोंदींची वही अर्धवट फाटत नाही. अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की फक्त अ‍ॅप बदलायचं, वहीला हात लावायचा नाही.

यावर कुणी म्हणेल, मग एका फाइलच्या दोन झाल्या. झाल्या, आणि त्यातली एक मागे राहण्याचा धोकाही आहे. पण अ‍ॅप पुन्हा मिळवता येतं, वही मिळत नाही. जपायचं काय हे दोन फाइलींमुळे उलट स्पष्ट होतं. क्लाउडचा पर्याय चांगला आहे, मात्र त्याला खातं लागतं आणि नेट लागतं. पेनड्राइव्ह हरवण्याची भीती खरीच. म्हणून वही पासवर्डने बंद ठेवावी आणि तिची एक प्रत घरी असावी. वही एकच फाइल असल्याने ती प्रत करायला मिनिटही लागत नाही.