घोड्याचे पारपत्र आणि महासंघाची घटना

१९५६चे ऑलिंपिक मेलबर्नला भरले, पण त्यातल्या अश्वारोहणाच्या स्पर्धा मात्र पाच महिने आधीच, जूनमध्ये, स्टॉकहोमला उरकाव्या लागल्या. परदेशी घोड्यांच्या विलगीकरणाचे कडक नियम सैल करायला ऑस्ट्रेलियाने नकार दिला होता. २००८मध्येही बीजिंगच्या ऑलिंपिकमधले घोडे धावले ते हाँगकाँगला. रोगराईची धास्ती आणि विलगीकरणाच्या अडचणी हेच तिथलेही कारण. धावपटूला पारपत्र आणि व्हिसा मिळाला की त्याचे काम भागते. घोड्याला मात्र स्वतःचे पारपत्र, रक्ततपासण्या आणि तो जिथून निघाला त्या देशाच्या रोगमुक्ततेची हमी लागते. ही हमी कोणताही क्रीडा महासंघ देऊ शकत नाही. ती सरकारच देऊ शकते. त्यामुळे अश्वारोहणाला सरकारी मदत म्हणजे केवळ अनुदान, अशी समजूत असेल तर ती अपुरी आहे.

भारतात या खेळाची पागा सुरुवातीपासून लष्कराची. घोडे, मोतद्दार, नालबंद, पशुवैद्य आणि स्वार असा सगळा संसार एका छपराखाली असणारी दुसरी संस्था देशात नव्हती. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत अश्वारोहणाचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने तीन सुवर्णपदके मिळवली. ६१व्या घोडदळाच्या रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि अडथळ्यांवरून उड्या अशी तिहेरी कसोटी पाहणारा हा प्रकार. त्याचे सांघिक सुवर्णही भारतालाच मिळाले. भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उपटण्याच्या टेंट पेगिंगमध्ये रुपिंदरसिंग ब्रार पहिले आले. भारतीय अश्वारोहण महासंघाच्या कारभारावर सेनाधिकाऱ्यांचा वरचष्मा राहिला, तो या पार्श्वभूमीवर स्वाभाविकच होता.

त्यानंतरचे सुवर्ण यायला ४१ वर्षे लागली. २०२३च्या हांगझोऊ आशियाई खेळांत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. हे चौघेही नागरी घरांतले, आणि चौघांचीही तयारी युरोपात, तिथल्याच घोड्यांवर झालेली. २०१८मध्ये जकार्तात दोन रौप्यपदके मिळवणारा आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये २३वा आलेला फवाद मिर्झाही जर्मनीत सराव करून तयार झाला. त्याच्या पाठीशी बंगळुरूचा एक खासगी उद्योगसमूह उभा होता. म्हणजे खेळाचा गुरुत्वमध्य छावणीतून सरकला, पण तो देशातल्या एखाद्या मैदानावर न येता थेट परदेशी तबेल्यात गेला.

असे का झाले, याचे उत्तर शोधताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली अर्थातच रोगनियंत्रणाची. ग्लँडर्स, सर्रा यांसारख्या रोगांमुळे भारतातून निघणाऱ्या घोड्याला परदेशाची दारे सहज उघडत नाहीत. म्हणून ज्याला परवडते तो घोडा तिकडेच घेतो आणि तिकडेच ठेवतो. ज्याला परवडत नाही त्याचे क्षितिज राष्ट्रीय स्पर्धेपाशी संपते. या कोंडीवरचा पहिला ठोस उपाय जुलै २०२५मध्ये दिसला. मेरठ छावणीतल्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. संपूर्ण देश रोगमुक्त होण्याची वाट न पाहता एक काटेकोर बंदिस्त जागा रोगमुक्त ठेवायची आणि तिथले घोडे परदेशी पाठवण्याचा मार्ग मोकळा करायचा, ही त्यामागची कल्पना. क्रीडा खात्याच्या कुठल्याही योजनेपेक्षा पशुसंवर्धन खात्याचा आणि लष्कराचा हा उपक्रम या खेळाला अधिक उपयोगी ठरू शकतो.

दुसरी गोष्ट कारभाराची. केंद्र सरकार महासंघाला मान्यता देते, त्याच्या वार्षिक सराव-स्पर्धा कार्यक्रमाला मंजुरी देते आणि खर्चाचा वाटा उचलते. त्या बदल्यात २०११ची राष्ट्रीय क्रीडा विकास संहिता पाळावी लागते. संहितेचा आराखडा मनोऱ्यासारखा आहे : तळाशी जिल्हा, त्यावर राज्य, शिखरावर राष्ट्र. क्लबांना किंवा व्यक्तींना सभासदत्व देता येते, पण मताधिकार नाही. कबड्डी किंवा कुस्तीला हा आराखडा शोभतो. अश्वारोहण मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत नसते. ते रेजिमेंटांत आणि मोजक्या रायडिंग क्लबांत असते. त्यामुळे महासंघाचा डोलारा क्लब, सैनिकी तुकड्या आणि व्यक्तिगत सभासद यांच्यावर उभा राहिला. राजस्थानच्या अश्वारोहण संघटनेने याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मंत्रालयाने महासंघाला दिलेली सवलतही त्या वादात सापडली.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्या राज्यात स्पर्धेचे घोडेच फारसे नाहीत तिथे संघटना उभी केली, तर ती कागदावरच राहील आणि मतदानापुरती जागी होईल. इतर खेळांत अशा कागदी संघटनांनी काय केले, ते आपण पाहिले आहे. पण सवलत कायमची झाली, तर ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांना जाब विचारणारे कोणी उरत नाही. आणि या खेळात जाब विचारण्याची गरज अधिक, कारण निवड केवळ स्वाराची नसते. स्वार आणि घोडा या जोडीची असते. पात्रतेचे निकष ऐन वेळी बदलले, तर दुसरा घोडा महिन्याभरात तयार करता येत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत आणि घरच्यांनी घातलेला पैसा एका परिपत्रकाने वाया जाऊ शकतो. निवडीचे वाद न्यायालयात जातात ते म्हणूनच.

ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद केली आहे. कार्यकारी समितीत जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन गुणवंत खेळाडू, शिवाय खेळाडूंची स्वतंत्र समिती, असे त्याचे स्वरूप आहे. अश्वारोहणापुरता विचार केला, तर जिल्ह्यांची मोजदाद करण्यापेक्षा या तरतुदींत जास्त अर्थ आहे. मत कोणाला असावे, याचा निकष भूगोलाऐवजी प्रत्यक्ष खेळाशी जोडायला हवा. ज्या संस्थेकडे घोडे आहेत, जी स्पर्धा भरवते, जिचे स्वार नियमित उतरतात, तिला मत असावे, मग ती छावणी असो वा क्लब. आणि निवडीचे निकष स्पर्धेच्या पुरेसे आधी जाहीर होऊन ते मधेच बदलू नयेत.

मेरठच्या केंद्राने भारतीय घोड्यासाठी परदेशाचे दार किलकिले केले आहे. त्या दारातून कोणता घोडा, कोणाच्या मांडीखाली बाहेर पडेल, हे ठरवणाऱ्या संस्थेची घटना नीट झाली, तरच छावणीतला जवान आणि क्लबातली मुलगी एकाच नियमाने पुढे जातील.