तांबडा गहू आणि पिवळसर गहू

चेन्नईच्या दक्षिण भागात, पेरुंगुडीला लागून असलेल्या तरमणी येथे, डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी १९८८ साली स्थापन केलेले संशोधन प्रतिष्ठान आहे. त्यापूर्वी ते दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत असताना तेथे गव्हाच्या रंगासंबंधी एक महत्त्वाचा प्रयोग झाला. मेक्सिकोहून आणलेला ‘सोनोरा ६४’ हा ठेंगणा गहू भरघोस उत्पन्न देई. परंतु त्याचा दाणा तांबडा असल्यामुळे पोळीसाठी पिवळसर गहू पसंत करणाऱ्या आपल्या लोकांस तो रुचेना. तेव्हा त्यावर गॅमा किरणांचा प्रयोग करून पिवळसर दाण्याचे रोप निवडण्यात आले. हाच वाण १९६७ साली ‘शरबती सोनोरा’ या नावाने प्रसृत झाला. त्याचा ठेंगणेपणा कायम राहिला. रंग मात्र पालटला. हे कसे घडले?

रंगद्रव्य कसे तयार होते?

वनस्पतीतील रंगद्रव्य एकदम तयार होत नाही. गव्हाच्या सालीतील तांबडे द्रव्य आणि पुष्कळ फुलांतील जांभळे द्रव्य ही फिनिलॲलॅनिन या ॲमिनो आम्लापासून टप्प्याटप्प्याने बनतात. प्रत्येक टप्पा एकेका एन्झाइमाच्या साह्याने पार पडतो व ते एन्झाइम घडविण्याची सूचना जनुकात असते. जनुकात अकस्मात होणाऱ्या व पुढील पिढ्यांत उतरणाऱ्या बदलास उत्परिवर्तन म्हणतात. अशा बदलाने एखादे एन्झाइम निकामी झाले, की साखळी त्या ठिकाणी तुटते.

तुटलेला दुवा कसा ओळखावा?

याची पहिली कसोटी संकराची. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये बेटसन व पनेट यांनी ‘स्वीट पी’ या शोभेच्या वेलीच्या दोन पांढऱ्या फुलांच्या जातींचा संकर केला, तेव्हा संततीची फुले जांभळी आली! दोन्ही जातींत निरनिराळी जनुके बिघडलेली होती. एकीची उणीव दुसरीने भरून काढली. पुढच्या पिढीत जांभळ्या व पांढऱ्या फुलांचे प्रमाण ९ : ७ असे आढळले, आणि रंगासाठी दोन्ही जनुके आवश्यक असल्याचे सिद्ध झाले.

दुसरी कसोटी रासायनिक आहे. साखळी तुटली, की तुटीच्या अलीकडचा पदार्थ साठून राहतो. आपल्या फुलबाजारांत दिसणाऱ्या ॲस्टरच्या काही पिवळ्या फुलांत चाल्कोन हा पिवळा पदार्थ साठलेला असतो. कारण त्याचे रूपांतर करणारे एन्झाइम त्यांत नसते. याउलट, तुटीच्या पलीकडचा पदार्थ पाकळीला बाहेरून पुरविला, तर हरपलेला रंग पुन्हा उमटू शकतो. अशा निरीक्षणांवरून टप्प्यांचा क्रम लावता येतो.

परंतु रंग नाहीसा होण्याचे कारण नेहमीच निकामी एन्झाइम असते असे नाही. स्वीडनमध्ये निल्सन-एले यांनी १९०९ साली दाखविले होते, की गव्हाच्या तांबड्या रंगास जनुकांच्या तीन जोड्या कारणीभूत असतात. त्या तिन्हींत भेद असलेल्या संकराच्या दुसऱ्या पिढीत ६४ रोपांमागे एकच पांढऱ्या दाण्याचे निघते. ही जनुके स्वतः एन्झाइम घडवीत नाहीत. ती मुकादमाप्रमाणे साखळीतील इतर जनुकांस कामाला लावतात, असे एकविसाव्या शतकातील संशोधनात आढळून आले. मुकादमच नसला, तर कारागीर हजर असूनही काम थंडावते.

रंगाची किंमत

या ज्ञानाचा शेतीशी निकटचा संबंध आहे. ज्या जनुकांमुळे दाणा तांबडा होतो, त्यांच्यामुळेच बीजाची सुप्तावस्थाही वाढते. म्हणून काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, तर पांढऱ्या वा पिवळसर गव्हाच्या ओंबीतच कोंब फुटण्याचा धोका अधिक असतो. ग्राहकाला हवा तो रंग देताना शेतकऱ्याच्या पिकाचे संरक्षण उणे होऊ नये, यासाठी सुप्तावस्था राखणारी दुसरी जनुके शोधून ती पिवळसर वाणांत आणावी लागतात. कोणते जनुक कोणते काम करते, हे ज्या रोपांत ते बिघडलेले असते त्यांच्याकडूनच प्रथम कळते. म्हणून रंग हरपलेली रोपे टाकून न देता शास्त्रज्ञ त्यांचे बी जपून ठेवतात.